घराला ठेवलेली नावं

३ मार्च
दारावर कागद डकवला! बँकेचे दोन साहेब आले, चिकटवला, फोटो काढला, निघाले. मी म्हटलं, "अहो, आत तरी या!" नको म्हणाले. कागदावर लिहिलंय, घराचा ताबा बँकेने घेतला. मग मी बसलेय कुणाच्या घरात?

४ मार्च
दुकानासाठी घर गहाण टाकलं, ते मला ठाऊक होतं. दुकान बसल्यावर ह्यांनी हप्तेही बंद केले, ते आज कळतंय! नोटिसासुद्धा येऊन गेल्या म्हणे. "तुला उगीच घोर कशाला," म्हणतात. जळ्ळी मेली ती माया!

५ मार्च
ताबा सध्या कागदावरच असतो म्हणे. थकलेलं भरलं तर घर आपलं, नाहीतर लिलाव. म्हणजे आत्ता कुणाचं? धड कुणी सांगेल तर शपथ! मशीनवर बसले, तर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या.

१७ एप्रिल
बँकेने लोक पाठवले, घर बघायला. वन्सं मुद्दाम सोबतीला आल्या. कानात म्हणाल्या, "अगं, नावं ठेव घराला. घेणारेच पळाले की लिलाव बारगळला!"

मग काय, सुटलेच मी. छत गळतं (थेंब गळत नाही), वरचे रोज भांडतात, पाण्याची बोंब. एका बाईला तर ढेकूण सांगितले! ती बसलेली ताडकन उठली. आम्ही दोघी हसून हसून बेजार.

सगळे गेल्यावर मात्र वाईट वाटलं. इतकं गुणी घर.

२ मे
लिलावाला कुणी फिरकलंच नाही! जिंकलो!!

९ मे
कसलं जिंकलो. बँकेतल्या बाईंनी समजावलं — घर सुटत नाही, किंमत उतरवून पुन्हा लिलाव होतो. चांगल्या भावाला गेलं असतं तर कर्ज फिटून वरचे पैसे आमच्याच हातात. स्वस्तात गेलं तर घरही जाणार आणि उरलेलं कर्ज आमच्याच डोक्यावर! म्हणजे इतके दिवस मी कुणाला पळवत होते?

वन्संना फोन केला. "अगंबाई, मला कुठलं ठाऊक! कितीने उतरवली गं किंमत?"

२० मे
आज आलेल्यांना खरं सांगितलं, घर सोन्यासारखं आहे. कुणी विश्वासच ठेवेना. ढेकणांची बातमी आधीच पसरलेली.

३० मे
लिलाव झाला. बोली एकच आली.

वन्संची.