मॉटची आणि माझी भाषा

मंगळवार, १४ जानेवारी

डोकं भणभणतंय. चॅपलच्या मागच्या गारठलेल्या खोलीत वेल्शचा वर्ग, आणि पदरात काय पडलं? — बाप! ताद म्हणजे बाप. माझा असला की न्हाद. त्याचा असला की दाद. तिचा असला की थाद. अरे, बाप एकच ना? कुणाचा आहे ते बघून शब्द तोंडवळा बदलणार, मग शब्दकोशात शोधायचा तरी कुठे!

डेलिथबाई म्हणतात, "घोकू नकोस, कानावर पडू दे. सासर वेल्श बोलणारं आहे ना तुझं? नशीबवान आहेस."

नशीबवान!

रविवार, १९ जानेवारी

सासूबाई, नवरा गेथिन आणि धाकटा दीर एम्रिस — जेवणाच्या टेबलावर तिघांची वेल्श अगदी रंगात आलेली. दारातून ऐकत होते. मटणाचं ताट घेऊन आत गेले आणि झालं! तिघंही इंग्रजीवर. "बसा ना डेनिस, दमला असाल. बटाटे घेता?" लग्न होऊन या शेतावर आले त्याला दोन वर्षं झाली, अजून 'बटाटे घेता'!

मला परकं वाटू नये म्हणून करतात, कळतं मला. पण परकं वाटतं ते त्यानेच.

या घरात इंग्रजी दोघांच्याच वाट्याला येते — माझ्या आणि मॉटच्या. मेंढ्या वळायचे हुकूम कुत्र्याला इंग्रजीतच द्यायचे, ही सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत. मॉटची काही तक्रार नाही.

सोमवार, २७ जानेवारी

गेथिनला म्हटलं, माझ्याशी वेल्शच बोल. चार वाक्यं बोलला आणि कान लाल! "नको गं. दुसऱ्याच कुणाच्या बायकोशी बोलतोय असं वाटतं." न्यूपोर्टला भेटलो ते इंग्रजीत, भांडलो इंग्रजीत, संसारही इंग्रजीतच. हसू आलं. नंतर फार वाईट वाटलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाळ जूनमध्ये. आजी त्याच्याशी वेल्श बोलणार, बाप बोलणार, काका बोलणार. आणि मी खोलीत शिरले की माझंच पोर गप्प होऊन इंग्रजीत म्हणणार — बस ना, आई. याचीच भीती वाटते. दुसरी कशाचीच नाही.

माझी आई म्हणायची, वेल्शने पोट भरत नाही. तिला येत होती. मला दिली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वर्गाला गेले नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजही नाही. डेलिथबाईंचा फोन आला, घेतला नाही. पाय सुजलेत. पुस्तक कपाटावर टाकलं. पुरे झालं! पाहुणी तर पाहुणी.

रविवार, २ मार्च

वरच्या रानाचं फाटक लावायला विसरले. गाभण मेंढ्या सगळ्या रस्त्यावर, थेट दुधाच्या टँकरपुढे! मी धावले. सासूबाई चिखल तुडवत आल्या आणि माझ्यावर जे तोंडसुख घेतलं — "डोळे कुठे ठेवले होतेस गं बये? फाटक कोण लावणार, तुझा बाप? आणि पोटात पोर असताना धावतेस काय अशी? अक्कल गहाण टाकलीस?" सगळं वेल्शमध्ये. माझ्याकडे बघून. मला सगळं कळलं!

मग वळून त्यांनी मॉटला इंग्रजीत हुकूम सोडला. त्याला एकट्यालाच.