पापांचा रविवारचा कप

रविवार, ९ मार्च

आजही नाही! पापांनी कॉफी संपवली, कप बशीत ठेवला आणि वाऱ्याबद्दल बोलत बसले. अख्खी हयात त्रिएस्तेच्या बंदरावर कॉफी चाखण्यात गेली या माणसाची! घोट असा सुर्रकन ओढायचे की शेजारच्या एद्दाबाईंना भिंतीपलीकडे कळायचं, लीव्हियो लेकीकडे आलेत. हिवाळ्यात तापातून उठले, तेव्हापासून ना घोटाचा आवाज ना कॉफीबद्दल शब्द. वाईट तर वाईट म्हणा ना! आमच्या घरात शाबासकी एकच, कॉफी चाखणाऱ्यांची – ‘स्वच्छ’, म्हणजे चवीत कसलीच खोट नाही. ती ऐकल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं! दोष कॉफीचा नाही, मशीनचा. पाणी जिथून पडतं ती जाळी उघडली – शी! काळा तेलकट थर, नखानं खरवडला तरी निघेना. आणि मी बाई रोज बाहेरून पुसून चकाकवत होते! दारियो म्हणाला, चालतंय ना, मग उघडतेस कशाला? नवऱ्याला म्हटलं, तू आपला चहा पी.

गुरुवार, १३ मार्च

कॉफी भरायचा दांडा आणि त्यातल्या गाळण्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या. पाणी डांबरासारखं! मग पाणी उलटं आत फिरावं म्हणून भोकं नसलेली गाळणी लावून मशीन आतून धुतलं, फेस पांढरा येईपर्यंत. वाफेच्या नळीत दूध वाळून बसलेलं, ते सुईनं काढलं. रबरी वायसर तर दगड झाला होता. दुकानदारानं तो बोटांत फिरवला आणि विचारलं, रुखवतात आला होता का? हसले खरी, पण लाज वाटली.

हात सोलवटलेत. मजा येतेय!

शनिवार, १५ मार्च

आता राहिले क्षार. आमचं पाणी चुनखडीतून येतं, किटलीसुद्धा पांढरी होते. टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी भरलं आणि सोडत गेले. खपल्याच खपल्या! मग नुसतं पाणी, पुन्हा पुन्हा.

उद्या बघूच.

रविवार, १६ मार्च

म्हणाले!! पापा म्हणाले!!

सकाळी मनात आलं, लिंबूसत्त्वाचा आणखी एक हात फिरवू. टाकी भरली, थोडं पाणी सोडलं, तोच दारावर पापा, तासभर आधीच. धांदल उडाली. घाईघाईनं कॉफी दळली, दाबली, कप पुढे ठेवला. त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग सावकाश सगळी प्यायले.

“स्वच्छ,” म्हणाले. “एकदम स्वच्छ, निवेस.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझा कप करायचंही सुचलं नाही. त्यांना घेऊन तशीच बार्कोलाला समुद्रावर गेले, वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले. दारियो म्हणाला, पोर झाल्यावरही एवढी नाचली नव्हतीस. नसेन!

सोमवार, १७ मार्च

सकाळी माझी कॉफी केली. पहिला घोट तोंडात घेतला आणि थुंकलाच. आंबट! नुसतं लिंबू! टाकीचं झाकण काढलं – कालचं तेच पाणी. पापांनी हे प्यायलं? कपभर? बंदरात एक कुजका दाणा पोत्याबाहेरून ओळखणाऱ्या माणसानं?

फोन केला. आधी म्हणाले, बरी होती की. मग मी लिंबाचं सांगितलं.

“तापानंतर कशाचीच चव लागत नाही, पोरी. वाससुद्धा नाही. तुझे हात बघितले आणि म्हटलं, स्वच्छच असणार.”

मूर्ख मी. सगळा हिवाळा मला वाटत होतं, माझ्यावर रागावलेत.

मंगळवार, १८ मार्च

टाकी धुतली. ताजं पाणी. पापांना बोलावलं, एकच कप केला आणि तो मीच उचलला. त्यांनी शिकवला तसा सुर्रकन घोट ओढला, एद्दाबाईंना ऐकू जाईल असा. मग सांगू लागले – आधी भाजल्या बदामाची चव, मग किंचित कडू, शेवटी गोड... पापा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले.

“अजून सांग,” म्हणाले.