दगडावरचे दोन बाण

बुधवार, पौष वद्य १, सन ५४

पलटणीत गेलेल्यांचा दगड आला, बैलगाडीतनं. चावडीपुढं उभा केला. दोन रांगा. डावीकडं "लढाईत पडलेले", उजवीकडं "लढून परत आलेले". आमचा म्हातारा बसऱ्याची लढाई करून आला त्याला पस्तीस वर्सं झाली. त्याचं नाव डावीकडं, सगळ्यात खाली. सकाळीच तीन भाकरी खाल्ल्या मेल्यानं.

गुरुवार, वद्य २

चूक कशी झाली ते कळलं. मास्तरनं यादी करताना दोन नावं उलटी लिवली. नवा कागद घ्यायच्या जिवावर आलं, म्हणून बाण काढले. ह्याला तिकडं, त्याला इकडं. पाथरवटाला अक्षर येत न्हाई. कागदावर दिसलं तसं कोरलं, बाणासकट. बाण लई सुबक. मागं पिसं बी काढलीत.

चावडीत गेले. सरपंच म्हणतो, "कुणाचं नाव चुकलं, आजी?" आता नवऱ्याचं नाव घेऊ का ह्या वयात? म्हटलं, डावीकडचं खालचं. "तुला वाचता येतंय व्हय?" मग साक्षरतेच्या वर्गात चार महिने काय गवत उपटत हुते?

मास्तर म्हणतो, "बाण आहेत ना. वाचणाऱ्याला कळतं." म्हटलं, तुझ्या लग्नपत्रिकेत शेजारणीचं नाव छापून बाण काढला असता, तर कळलं असतं का बायकोला?

शुक्रवार, वद्य ३

म्हातारा रुसला. "मेलेला माणूस जेवत न्हाई." ताट सरकवलं. दुपारी पिठल्याचा वास नाकात गेला तवा जिवंत झाला.

पाथरवट मोशीला जात्यांना टाकी लावायला गेलाय, गुरुवारशिवाय येत न्हाई. मामलेदारसाहेब येणार मंगळवारी, झेंड्याच्या दिवशी. म्हंजे तवर हे मेलेलेच.

रविवार, वद्य ५

दुसरं नाव शिवाचं. तान्हाबाईचा एकुलता. ब्रह्मदेशात गेला, तार आली, पोरगं न्हाई आलं.

आज तान्हा आली. मला दगडाशी घेऊन गेली. "माझ्या शिवाचं कुठं हाय?" बोट ठेवलं. "वर काय लिवलंय?"

मला खोटं बोलायची सवय न्हाई, मागनं ध्यानात ठेवावं लागतं. वाचलं ते सांगितलं. परत आलेले.

खाली बसली. पदरानं त्याच्या नावावरची धूळ पुसली. म्हणाली, "दहा वर्सांत पयल्यांदा कुणी बरोबर लिवलं."

मग, "आन् ही रेघ कसली गं?"

म्हटलं, पाथरवटाचा हात घसरला.

मंगळवार, वद्य ७

झेंडा झाला. मामलेदार बरा माणूस. पायातलं काढून दगडाला हार घातला. म्हणाला, ह्या गावाचे देशावर उपकार हाईत. भाषण मात्र उन्हं चढंस्तवर.

मग पडलेल्यांच्या घरच्यांना नारळ. मला पुकारलं. रुपयाएवढं कुंकू लावून उठले. मामलेदार कुंकवाकडं बघतो, कागदाकडं बघतो. तेवढ्यात मागनं पलटणीच्या आवाजात, "हजर!" म्हातारा. चावडीवरची कबुतरं उडाली. सगळं गाव हसलं.

मग परत आलेल्यांची पाळी. शिवाचं नाव घेतलं. कुणी उठंना. सरपंच खाली बघतो, मास्तर झेंड्याकडं.

तान्हा उठली. "त्याला यायला उशीर हुतोय, साहेब. माझ्याकडं द्या."

पदरात नारळ घेऊन बसली. तवा कुणी हसलं न्हाई. म्हाताऱ्यानं उभं राहून तिला कडक सलाम ठोकला. पाठीत उसण भरली. आता एरंडाचं पान शेकतीय.

गुरुवार, वद्य ९

पाथरवट आला. सरपंचाचा हुकूम, दोन्ही नावं घासून जिथल्या तिथं कर.

म्हातारा म्हणतो, "माझं राहू दे डावीकडं. आज ना उद्या खरं हुणारच. शिवाला हलवू नका."

मास्तर तापला. "ज्यानं जीव दिला त्याला नारळ घेऊन घरी आलेल्यांत बसवायचं? ह्या पोरांच्या पोरांना कोण सांगणार, शिवा गेला म्हणून?"

मास्तर खरं बोलला. जन्मात पयल्यांदा, आन् नेमकं आजच.

सरपंच आन् मास्तर माझ्याकडं बघाया लागले. शिवाचं नाव हलणार, ते तान्हाला तूच सांग, म्हणत्यात. चार अक्षरं शिकले ती ह्याच्यासाठी.

पाथरवट विचारतो, "कुणाचं आधी घेऊ, आजी?" म्हटलं, आधी जेव.

तान्हाकडं गेले. चहा झाला. परत झाला. तोंडाशी आलेलं जोंधळ्याच्या किडीवर गेलं, मग तिच्या म्हशीवर. म्हशीवर लई येळ बोललो.

घरी आले तर पाथरवट वट्यावर घोरत पडलेला. म्हातारा दारात उभा, पाठीला हात लावून. "सांगितलंस?"

म्हटलं, हळू बोला, त्यो उठंल.