तीन मिनिटं आधीची तोफ

२७ सप्टेंबर १९७४

नेफिसाची तिसरी कादंबरी आजपासून रेडिओवर! फ्रेंच स्टेशनवर, रोज सूर्यास्ताआधी अर्धा तास. वाचणार तीच. मग रोजा सोडायची घोषणा, मग सूर्यास्ताला डागतात त्या तोफेची टेप. एवढी वर्षं माईकपुढे बसते, तरी सकाळपासून सारखी घड्याळ बघतेय. बरं, मीही.

आईला म्हटलं, आज तरी सुनेचं स्टेशन लाव. त्या वेळी मी दुकानात, ती खाली स्वयंपाकघरात एकटीच असते. म्हणाली, "परक्यांच्या भाषेत गोष्टी सांगते तुझी बायको. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली अरबी स्टेशनवाली."

नेफिसाने ऐकलं. हसली, पण जरा उशिरा.

१ ऑक्टोबर

आज वाचता वाचता तिचा घसा बसला. घरी आली तर आईने रानओव्याचा काढा उकळून ठेवलेला. "पी, आणि कमी बोल." आईला कोणी सांगितलं?

३ ऑक्टोबर

घात झाला. वाचताना नेफिसाकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि प्रकरण तीन मिनिटं आधी संपलं. गोष्ट संपली की सूर्यास्त – इतकं अंगवळणी पडलेलं, की घड्याळाकडे न बघता बोलून गेली, "देव तुमचा रोजा कबूल करो." टेपवाल्या मेहरेझनेही सवयीने तोफ डागली! अरबी स्टेशनवर सगळं वेळेवर. पण हिला ऐकणाऱ्यांनी दिवसाउजेडी खजूर तोंडात टाकला. रोजा मोडला सगळ्यांचा. आता ईदनंतर त्याच्या बदल्यात एक रोजा जास्तीचा धरायचा.

रेडिओचे साहेब तिला म्हणाले, ईदपर्यंत घरी बसा.

आई म्हणाली, "तरी बरं, आपल्या घरात ते स्टेशन कोणी लावत नाही."

४ ऑक्टोबर

पाववाला म्हणे, "वहिनींना सांगा, पुढच्या वेळी दुपारीच सोडा." मी हसलो. घरी सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर

नेफिसा लिहीत नाही. शोरबा ढवळत बसते.

१८ ऑक्टोबर

काल ईद झाली. आज साहेबांचा निरोप – सोमवारी या. नेफिसा म्हणते, नाही जाणार, रेडिओ सोडते. "ज्या घरात राहते तिथेच माझा आवाज कोणाला नको, तर शहराला कशाला हवा?" मला हवा आहे गं, म्हटलं. "तू नवरा आहेस," म्हणाली. समजूत घालणं मला कधी जमलंच नाही. फार जीव आहे माझा तिच्यावर, आणि तोंडातून एक धड वाक्य निघत नाही.

१९ ऑक्टोबर

सकाळी दोघं खाली गेलो. आईने आमच्यापुढे ईदच्या मिठाईतला बकलावा ठेवला, स्वतः कॉफीला हात लावेना.

"रोजा आहे."

"आता कसला? तुझा तर एकही चुकला नाही," मी म्हटलं.

"एक चुकला. तीन मिनिटांनी."

नेफिसा तिच्याकडे बघतच राहिली. आई पाठ फिरवून भांडी आवरायला लागली. "सोमवारी निघशील तेव्हा गळ्याला रुमाल गुंडाळ. वारं सुटलंय."