मुदत नसलेलं कुलूप

मी, वय एकाहत्तर, धंदा दोन ब्लॉकचेनमधल्या अदलाबदलीचे प्रोग्राम लिहिणे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. दबाव कुणाचाच नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस हवं ना.

राहता फ्लॅट माझ्या भाचीला द्यावा. बाल्कनीचं दार अडकतं, खालून लाथ मारावी लागते. पुस्तकं आणि दोन्ही संगणक खालच्या शिंप्याच्या मुलीला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना काहीही देऊ नये. त्यांनी माझी शिडी नेली ती नेलीच.

आता मुख्य बाब.

माझी धाकटी बहीण आणि मी, आमची टोकनं, म्हणजे संगणकावरची नाणी, दोन वेगळ्या साखळ्यांवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, होती. एका साखळीतलं टोकन दुसरीत चालत जात नाही. तिथे त्याला कुणी ओळखतच नाही. जागच्या जागी मालक तेवढे बदलता येतात. मधला माणूस दोघांनाही नको होता, बाबांचं दुकान दलालाच्याच घशात गेलं होतं. म्हणून कुलपाची पद्धत. मी माझी टोकनं तिच्या नावे कुलपात ठेवली, तिने तिची माझ्या नावे. दोन्ही कुलपांना किल्ली एकच, एक आकडा, फक्त मला ठाऊक. मी तिचं कुलूप उघडलं की तो आकडा तिच्या साखळीवर सर्वांना दिसतो. तो वाचून तिने माझं उघडायचं. मुदतीत उघडलं नाही तर माल ज्याचा त्याला परत. माझ्या कुलपाची मुदत मी रीतीप्रमाणे तिच्या कुलपापेक्षा लांबची ठेवली होती.

मी तिचं कुलूप उघडून माझा वाटा घेतला. त्याच दिवशी तिच्या नवऱ्याला ऑपरेशनला नेलं, आणि फोन बंद करून ती दवाखान्यात बसली. मी फोन करून करून थकलो. मुदत टळली आणि माझी टोकनं आपोआप माझ्याकडे आली.

"दादा, तुझं तुझ्याकडे आणि माझंही तुझ्याकडे. छान जमवलंस."

"अगं, प्रोग्राम आहे तो. आत्ता पाठवतो."

"भीक नको."

फोन ठेवला तो ठेवलाच. नवरा बरा झाला, भाचीचं लग्न झालं, मला भाचीकडून कळलं. तोंडाने मीही कमी नाही, हे कबूल, पण यात माझी चूक नव्हती, हे मेल्यावरही म्हणेन.

भीक नको तर नको. तेव्हापासून दरवर्षी तेवढीच टोकनं तिच्या पत्त्यावर कुलपात ठेवत आलो, तोच जुना आकडा वापरून. तिने एक बटण दाबायचं होतं. दरवर्षी मुदत संपते आणि टोकनं परत येतात. स्क्रीनवर "परत मिळाले" असं येतं. आनंदाची बातमी असल्यासारखं हिरव्या अक्षरांत येतं. त्या दिवशी मी जेवत नाही. फार एकटं वाटतं, दुसरं काय.

यंदा ठेवताना परतीची वाटच प्रोग्राममधून काढून टाकली. मुदत नाही. हे मृत्युपत्र मी उद्या फाडू शकेन, ते कुलूप आता मलाही उघडत नाही. ती टोकनं माझ्या मिळकतीत धरू नयेत. फक्त तिच्या पत्त्यावर उघडतील, नाहीतर तशीच राहतील.

किल्लीही बदलली आहे. आकडा नाही. लहानपणी घरात न्हाणीघर एकच होतं आणि मी आत पुस्तक घेऊन बसायचो. धाकटी बाहेरून दार बडवत जे ओरडायची, तेच शब्द. ती विसरली असेल म्हणून वकीलबाईंनी तिला वाचून दाखवावेत: दादा, झालं का?

साक्षीदार: खालचा शिंपी, शेजारच्या डॉक्टरीणबाई. दोघांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर.
ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: ११ जून, बुधवार.

सही: दादा.
झालं गं. ये आत.