सुकापूर ते कर्नाळा, सहा मिनिटांत

१४ सप्टेंबर, रविवार
निर्णय झाला. दसऱ्याला समोरच्या बिल्डिंगमधल्या अनुयाला माझ्या ड्रोनमधून कर्नाळ्याला नेणार. पायलट नाही, ट्रॅफिक नाही. तिथे उतरलो की विचारायचं. पुण्याचं स्थळ तिला बघायला १२ ऑक्टोबरला येतंय. वेळ भरपूर. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं ते यासाठीच, हे आज माझ्याही लक्षात आलं.

१६ सप्टेंबर
महादेवकाकांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये सांगाडा तयार. आठ मोटर, दोन सीट. काका भोवती फिरून म्हणाले, यात मानूस बसवाचा नाय, निनाद. आमी तर कोंबरी पन नाय बसवनार. मी संतापून पाना फेकला. पाना त्यांचाच होता. उचलून दिला.

१९ सप्टेंबर
माणसांऐवजी तांदळाच्या दोन गोण्या बांधून उडवलं. तीन मिनिटांत बॅटरी खलास. कर्नाळा बारा किलोमीटर. उपाय सोपा आहे: बॅटरी दुप्पट.

२० सप्टेंबर
बॅटरी दुप्पट केली. वजनही वाढलं. हललंच नाही. बॅटरी बनवणाऱ्यांची बदमाशी.

२२ सप्टेंबर
वजन कमी करणे. दरवाजे काढले (हवा खेळती राहील). पॅराशूट काढलं (लागणार नाही). एक सीटही काढली, तात्पुरती. अनुयाला सहज विचारलं, तुझं वजन किती? म्हणाली, तुला काय करायचंय? म्हटलं, कॅल्क्युलेशन.

२४ सप्टेंबर
अनुया बोलत नाही. पंचावन्न धरलं.

२६ सप्टेंबर
उडवायच्या परवानगीसाठी विमान खात्याच्या ऑफिसात फोन. बाईंनी विचारलं, हवेत मोटर बंद पडली तर? म्हटलं, पडणार नाही. पण पडली तर? पडणारच नाही! त्या म्हणाल्या, विमानतळ तुमच्या उशाशी आहे, पतंगसुद्धा विचारून उडवा. मी फोन आपटला.
संध्याकाळी एक मोटर बंद पडली. योगायोग.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९
पूजा झाली. आईने ड्रोनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पोटाखाली लिंबूमिरची बांधली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांच्या स्कूटरलाही होती, कधी पडले का ते? एक टेस्ट गोणी ठेवून, मग अनुया. ती आली आहे. बोलतेय!

दुपारी १२
काय सुरेख उडालं. दहा फूट वर गेलं. मग खालच्या सेन्सरला लिंबू दिसलं. त्याला वाटलं, जमीन आली. आठही मोटर शिस्तीत बंद.
गोणी फुटली. तांदूळ पार रस्त्यापर्यंत. काका म्हणाले, पोरीच्या जागी गोनी होती म्हनून बरा. अनुया आईबरोबर तांदूळ भरत बसली. सेन्सरची चूक नाही. लिंबाची उंची चुकली.

७ ऑक्टोबर
लिंबू काढलं. आई रुसली. गोणी पाच मिनिटं हवेत! उतरल्यावर एक बॅटरी फुगली, धूर आला. वाळूत पुरली. बाकीच्या ठीक वाटतात.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.४०
अनुया शेडवर येऊन गेली. साडीत. आपणहून. म्हणाली, अकराला पाहुणे येतायत, उडवू नकोस, नुसतं दाखव. सीटवर बसली. इकडेतिकडे बघितलं. तू कुठे बसतोस?
अभिमानाने सांगितलं, हे आपोआप उडतं. मी लागतच नाही.
म्हणजे कर्नाळ्याला मी एकटीच?
मी मागून रिक्षाने येतो, म्हटलं.
खूप हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, निनाद, तुला मला काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. अकराच्या आधी.
मी म्हटलं, दिवाळीपर्यंत दुसरी सीट बसवतो.
ती निऱ्या सावरत उतरली. मी हात देणार होतो, पण हाताला ग्रीस होतं.

दुपारी १.१५
अनुयाच्या घरून पेढे आले. आई म्हणाली, दोघांचीही पसंती. मी म्हटलं, मला भूक नाही.

दुपारी १.४०
खाल्ला.