शिवप्पाची कमान

१२ मार्च १९८३
नांदेडहून एसटीनं देवणीला उतरलो. मन खूश आहे. लातूर जिल्हा झाला अन् इकडचे सगळे गवंडी तिकडं कचेऱ्या बांधायला गेले, म्हणून हे काम मला मिळालं. निजामाच्या काळातलं काळ्या दगडाचं चर्च. दाराच्या कमानीत भेग गेलीय. पाळक शांतवन म्हणाले, भेगेजवळचे चारच दगड बदला, बाकी शिवप्पाचं काम पक्कं आहे. ही कमान बांधणारा गवंडी शिवप्पा मरून बरीच वर्षं झाली. त्याची म्हातारी बायको, नागुबाई, इथंच झाडलोट करते.

१५ मार्च
आड आटलाय. टँकरच्या पाण्यातली एक कळशी नागुबाई माझ्या चुन्यासाठी राखून ठेवते. आज पहिला दगड बसवला. लोक आले, माझा दगड ओलांडून शिवप्पाच्या दगडांवर हात फिरवून गेले. असा हात पुन्हा होणार नाही, म्हणाले. जेवण गेलं नाही. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळून राहिलो.

१८ मार्च
भेगेपासून लांबचा, शिवप्पाचा एक चांगला दगड काढला. पाळकांना सांगितलं, आतून ठिसूळ होता. नव्हता. तिथं माझा बसवला.

१९ मार्च
माझा दगड पायरीवर. फुटलेला नाही, कुणी अलगद ठेवावा तसा. पाळक पोरांना रागावले. पोरांच्यानं तो हलणारही नाही.

२१ मार्च
पुन्हा बसवला. पुन्हा पायरीवर. नागुबाई, नवऱ्याचं नाव न घेता, हळूच म्हणाली, "त्यास्नी दुसऱ्याचा हात खपत न्हाई. तुमचे चार बसवा अन् जावा."
मी विचारलं, माझं काम कसं आहे? तिनं वर बघितलंच नाही. बरं हाय, म्हणाली.
बरं!

२३ मार्च
पाळक लातूरला गेलेत. टेकू लावले. सगळी कमान धरून ठेवणारा मधला दगडच काढतो. मग बघू कुणाची कमान —

दुपार
दगड निघाला. मागं पोकळी. आत छिन्नी वाजते — माझ्या घावामागं एक घाव. मी थांबलो. ती थांबली नाही.

नागुबाई दारात आली. माझ्याकडं नाही, वर बघते. पदर सावरला. "आलाव का?" म्हणाली.

टेकू सरकून राहिलेत. कमानीखालून उठायला पाहिजे. पण वर तो हात — चुन्यानं पांढरा — दगड बसवून राहिला. सांधा दिसत नाही. कुठंच दिसत नाही. असा सांधा माझ्या हाताला का —